ओटीवरचा प्रिंटर

आमच्या घरात कम्प्युटर चार आणि प्रिंटर एक. शेणव्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर आहे. दोन भाऊ, एक स्वयंपाकघर, एक ओटी. ओटीवर जुना डेस्कटॉप, माझ्या खोलीत माझा लॅपटॉप, नवरा कल्याणला नोकरीला म्हणून त्याला ऑफिसनं दिलेला एक, आणि थोरल्या दिरांची मुलगी, माझी पुतणी, शहापूरला कॉलेजात शिकते, तिचा एक. आम्हा तिघांनाही रोज काहीतरी छापायचं असतं आणि ज्याचं त्याचं फार तातडीचं असतं.

त्यात सगळ्यात वाईट मी. मुरबाड तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिक्षिका आहे. म्हणजे कागदोपत्री शिक्षिका. शिकवायचं ते मधल्या वेळात, खरं काम माहिती द्यायचं. सकाळी उठून मोबाईल बघावा तर ग्रुपवर मेसेज असतो, अमुक विवरणपत्र दोन प्रतींत आजच द्यावे. परवा दिलं ते कुठं गेलं, असं विचारायची सोय नाही. त्याचा नमुना बदललेला असतो. एका नमुन्यात मुलगे आधी, दुसऱ्यात मुली आधी, आणि मुलं तीच. मेलं हे छापून छापून माझी उमेद संपली, तरी कागद संपत नाहीत.

प्रिंटर घेतला तेव्हा तो माझ्याच खोलीत ठेवायचा ठरला होता. पण इन्व्हर्टरचं बटण ओटीवर, म्हणून तो ओटीवर गेला आणि डेस्कटॉपला वायरनं बांधला गेला, गोठ्यात दाव्याला म्हैस बांधतात तसा. शहापूरहून एक माणूस आला, त्यानं तासभर खटपट करून चारही कम्प्युटर त्याला जोडून दिले. आता घरात कुठूनही प्रिंट द्या, इथं येईल, म्हणाला. चहा प्यायला, चपला घातल्या आणि जाता जाता दारातून एक गोष्ट सांगितली: ओटीवरचा कम्प्युटर तेवढा चालू पाहिजे. तो बंद असला तर कुणाचंच येणार नाही. इन्व्हर्टरही पुढच्या वर्षी बंद पडला. आता लाइट गेली की सगळंच बसतं.

तो चालू कुणी ठेवायचा, हे ठरवायला आम्ही कुणी एकत्र बसलो नाही. अशी कामं घरात न ठरवताच एका माणसाच्या गळ्यात पडतात. आमच्याकडे ती वयनींच्या पडतात.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पुतणीची आई. नवरा त्यांना वयनी म्हणतो म्हणून मीही म्हणते. पहाटे साडेपाचला त्या उठायच्या, गॅसवर पाणी ठेवायच्या, आणि अंगण झाडायला जाता जाता ओटीवरच्या कम्प्युटरचं बटण दाबायच्या. अंगण झाडून येईपर्यंत तो सुरू झालेला असायचा आणि मग एकेकाचा लॅपटॉप उघडेल तसे आमचे आदल्या दिवशीचे कागद बाहेर पडायला लागायचे. कारण आमच्या घरची रीतच तशी पडली होती. संध्याकाळी लाइट हटकून जायची. मग जो तो आपल्या लॅपटॉपवर प्रिंटचं बटण दाबून मोकळा व्हायचा. ते रांगेत बसायचं. सकाळी वयनी मशीन चालू करतील, आपला लॅपटॉप उघडला की येईल आपोआप, असं म्हणायचं आणि जेवायला बसायचं. कुणी विचारायचंसुद्धा नाही.

निघालेले कागद वयनी वेगळे करायच्या. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही फारसं, पण कागदाच्या तोंडवळ्यावरून त्या ओळखायच्या. चौकटीचौकटीचे असतील ते माझे, चित्रं असतील ते पुतणीचे, नुसत्या आकड्यांचे ते नवऱ्याचे. तांदळाच्या कोठीच्या झाकणावर तीन ढीग, माझ्या ढिगावर अडकित्ता, म्हणजे वाऱ्यानं उडू नयेत. खराब झालेले पाठकोरे कागद त्या टाकायच्या नाहीत. दोऱ्यानं बांधून अंगणवाडीत न्यायच्या, पोरांना चित्रं काढायला. आमच्या वाडीतली निम्मी पोरं माझ्या विवरणपत्रांच्या पाठीवर कोंबडे काढून मोठी झाली आहेत.

अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. चौदा वर्षं. पोरांना घरून गोळा करून आणायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. शिकवायचं आणि हजेरी घ्यायची ते सेविकेचं काम. पण सेविकाबाई लांबून यायच्या, आठवड्यातून दोनदा तरी उशीर व्हायचा, आणि तेवढ्या वेळात वयनी पोरांना गाणी शिकवायच्या, अंक शिकवायच्या. आमच्या शाळेत येतात त्या पोरांपेक्षा त्यांच्या पोरांना जास्त येतं, हे मी शिक्षिका असून सांगते. सेविका व्हायचं तर बारावी पाहिजे. वयनी दहावीवर थांबलेल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी बाहेरून बारावीचा फॉर्म भरला, दुपारची भांडी झाली की ओटीवर बसून अभ्यास केला, आणि दुसऱ्या खेपेला पास झाल्या. घरात पेढे आणले. थोरले भावजी म्हणाले, आता काय कलेक्टर होतेस काय. वयनी हसल्या, पण त्यांनी मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लुगड्यांच्या घडीत ठेवली.

मग सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि ती जागा निघाली. आमच्याच अंगणवाडीची. अर्ज शहापूरच्या कार्यालयात, छापील नमुन्यात, हातोहात द्यायचा. त्या दिवसांत भाकऱ्या करताना वयनी एकदा मला म्हणाल्या होत्या, "पोरांची हजेरी मी घेईन गो. पुस्तकात, माझ्या हातानं." एवढंच. पगाराचं काही बोलल्या नाहीत. खोली झाडणाऱ्या बाईला हजेरीचं पुस्तक उघडायची मुभा नसते, ते त्यांच्या मनाला चौदा वर्षं लागून राहिलं होतं.

रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत चार हेलपाटे झाले, तो मिळाला तेव्हा अर्जाला शेवटचा एक दिवस उरला होता. संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. अर्जाचा नमुना माझ्या मोबाईलवर आला होता, तो मी त्यांच्या नावानं लॅपटॉपवर घेतला, त्या सांगत गेल्या आणि मी भरत गेले. जन्मतारीख, शिक्षण, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात चौदा वर्षं लिहिताना त्या थोड्या सरळ बसल्या. लाइट गेलेलीच होती. मी प्रिंटचं बटण दाबलं आणि म्हटलं, झालं वयनी, सकाळी येईल, सही करून फोटो चिकटवा आणि जा. त्यांनी विचारलं, नक्की येईल ना? मी म्हटलं, रोज येतं तसं येईल. आणि खरं सांगते, लॅपटॉप मिटला तेव्हाच ते माझ्या डोक्यातून गेलं. दिवसभर शाळा, सत्तर किलोमीटर स्कूटी, घरी येऊन भांडी. माझं डोकं म्हणजे तेव्हा सांडायला आलेलं पातेलं होतं.

सकाळी पावणेआठला लॅपटॉप उघडला तर मेसेज: आज मुरबाडला बैठक, सोबतचं विवरणपत्र भरून दोन प्रतींत आणावं. तीन पानी. मी उभ्या उभ्या भरलं, प्रिंट दिली आणि ओटीवर पळाले. तिथं पुतणीचा प्रोजेक्ट निघत होता. साठ पानं, पानोपानी रंगीत फुलं आणि किडे. आमचा प्रिंटर रंगीत पान काढताना असा कण्हतो की वाटावं बाळंतीणच आहे. विसावं पान चाललं होतं. पुतणी न्हाणीत. मला साडेआठला निघायचं, नाहीतर बैठकीत सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. माझा पारा चढला. घरात मी एकटीच राबते आणि बाकीचे किडे छापतात, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी डेस्कटॉपवर रांगेची खिडकी उघडली. तीन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. सगळं रद्द करायचा एक पर्याय असतो, तो दाबला. खिडकी रिकामी झाली. खोलीत जाऊन माझं पुन्हा पाठवलं, ते दोन मिनिटांत आलं.

हे मी पहिल्यांदा केलं असं नाही. आमच्याकडे सगळेच करायचे. ज्याला घाई, त्यानं जाऊन सगळ्यांचं पुसायचं, आणि मग ज्याचं गेलं त्यानं आरडाओरडा करून पुन्हा पाठवायचं. फक्त वयनी कधी करायच्या नाहीत. त्यांचं रांगेत कधी काही नसायचंच.

पुतणी न्हाणीतून आली आणि ओरडली. मी तोवर हेल्मेट घालून फाटकाशी पोचले होते. तिथूनच म्हटलं, मशीन अडकलं होतं गं, मी रिकामं केलं, पुन्हा दे. शेजारी वयनी उभ्या होत्या, माझा डबा घेऊन. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं. त्यांनी डबा डिकीत ठेवला, सावकाश जा म्हणाल्या. मी गेले. लॅपटॉप माझ्या बॅगेत, फोनही माझ्याच पर्समध्ये, आणि बैठकीत फोन बंद ठेवायचा असतो.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. पुतणीनं पुन्हा प्रिंट दिली, साठ पानं घेऊन ती कॉलेजला गेली. तिच्यामागून आपलं येईल या हिशेबानं वयनी अंगणवाडीत गेल्या, पोरांना खाऊ घातलं आणि साडेबाराला घरी परतल्या. कोठीवर काही नव्हतं. त्यांनी मशीन बंद करून चालू केलं. कागद काढून नीट लावले. पुन्हा घातले. मग प्रिंटरसमोर पाट घेऊन बसल्या. मला फोन करत राहिल्या. सात वेळा. शहापूरला कार्यालयासमोर झेरॉक्सच्या दुकानात कोरा फॉर्म मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी सांगितलं होतं, येईल. मास्तरीण खोटं बोलत नाही, असं त्यांना वाटायचं. तीन वाजता शेजारणीनं त्या दुकानाचं सांगितलं तेव्हा त्या उठल्या.

चारला चहासाठी बैठक थांबली. मी फोन काढला आणि ते सात मिसकॉल बघितले. त्याच क्षणी त्या तीन ओळी डोळ्यांसमोर आल्या. माझं विवरणपत्र तर साहेबांनी बघितलंसुद्धा नव्हतं, टेबलावर ढीग करून ठेवा म्हणाले होते. मी फोन लावला. वयनी शेणव्याला जीपमध्ये बसल्या होत्या. जीप भरल्याशिवाय सुटत नव्हती. अजून तिघं पाहिजेत म्हणतोय, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मी म्हटलं, त्याला सांगा मी तिघांचे देते, सोड म्हणावं. पण रेंज गेली. पुन्हा लागला नाही.

घरी कुणी आजारी आहे असं सांगून मी निघाले. मुरबाड ते सरळगाव, सरळगाव ते किन्हवली, किन्हवली ते शहापूर. तो रस्ता मला पाठ आहे, कुठला खड्डा कुठल्या बाजूनं चुकवायचा तेसुद्धा. त्या दिवशी मी एकही चुकवला नाही. लॅपटॉप पाठीवर आपटत होता आणि त्यात त्यांचा भरलेला अर्ज होता.

पोचले तेव्हा सहा वाजायला आले होते. वयनी झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. मांडीवर ती प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर फॉर्म. कोरा फॉर्म घेऊन त्यांनी दुकानाच्या काउंटरवर उभं राहून स्वतः भरला होता. एकही खाडाखोड नव्हती. अक्षर मोठं, गोल, पोरांना गिरवायला देतात तसं. जीप सव्वापाचला पोचली आणि पाचला अर्ज घेणं बंद झालं होतं. शिपायानं सांगितलं होतं, यादी बंद झाली बाई, साहेब तरी काय करतील. तो चांगलं बोलला, असंही त्या म्हणाल्या.

मला रडू आलं, पण मी रडले नाही, कारण रडले असते तर कारण सांगावं लागलं असतं. मी स्कूटी चालू केली, त्या मागे बसल्या. वाटेत शेवटी मी म्हटलं, "मशीननं खाल्लं वाटतं वयनी."

मागून आवाज आला, "असंल."

घरी सगळ्यांनी मशीनला शिव्या घातल्या. नवरा म्हणाला जुनंच झालंय ते. थोरले भावजी म्हणाले, नशिबात नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं सगळ्यांचं खापर त्या प्रिंटरवर फुटलं आणि मी ते फुटू दिलं. सर्वांत मोठ्यानं शिव्या मीच दिल्या.

पुढे जागा भरली. पलीकडच्या पाड्यातली एक मुलगी सेविका झाली, वयनींच्या मुलीच्या वयाची. वाईट नाही ती, कामाला बरी आहे. वयनी तिला मॅडम म्हणतात. खोली झाडून झाली की तिची खुर्ची पुसून ठेवतात, हजेरीचं पुस्तक टेबलावर काढून ठेवतात. पोरं मात्र रडायला लागली की खुर्चीकडे जात नाहीत, चुलीकडे पळतात.

मी प्रायश्चित्त घेतल्यासारखी काहीबाही करत राहिले. पहाटे लवकर उठून मशीन चालू करायचं ठरवलं, पण कधीही उठले तरी वयनींनी ते आधीच केलेलं असायचं. वायफायवाला नवा प्रिंटर घेऊ म्हटलं, तर नवरा म्हणाला, चाललंय की. दर वेळी ओटीवरून जाताना कोठीच्या झाकणावर माझे कागद अडकित्त्याखाली नीट ठेवलेले दिसायचे आणि माझा जीव नकोसा व्हायचा. कितीदा ठरवलं, आज सांगायचं. भाकऱ्या करताना सांगायचं, कपडे वाळत घालताना सांगायचं. मग शाळेचा मेसेज यायचा. मी दमलेली असायचे. दमलेलं माणूस खरं बोलत नाही, त्याला पुढचा गोंधळ परवडत नाही. खरं बोलायलाही अंगात त्राण लागतं.

वर्ष होत आलं. एका रविवारी दुपारी मी पुन्हा ओटीवर होते. नवऱ्याचं आकड्यांचं काहीतरी अडकलं होतं, चाळीस पानांचं, आणि त्यामागे पुतणीचं, त्यामागे माझं. माझा हात सवयीनं माऊसवर गेला. तेवढ्यात मागे पावलं वाजली. वयनी होत्या, पदराला हात पुसत. त्या माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं, वरच्या ओळीवर.

"एकच काढायचं असंल तर त्याच्यावर जायचं आन् तेवढंच काढायचं गो," त्या म्हणाल्या. "सगळं नाय पुसायचं."

माझा हात तिथंच राहिला. त्यांना ती खिडकी उघडता येते, ओळी वाचता येतात, हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिशी सकाळीच बघितलेलं मी. दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं, इंग्रजीत. तेवढं येतं मला वाचता. भाकरी उलटवायला आत गेले, बाहेर आले तर कायच नव्हतं. वाटलं, रिकामं केलंय तर तू माझं परत टाकलं असशील."

म्हणून त्या दुपारी त्या पाटावर बसून राहिल्या होत्या. मशीनवर भरवसा ठेवून नाही, माझ्यावर.

मी म्हटलं, वयनी, मी वाचलंच नाही हो, मला कळलंच नाही, मी तेव्हा घाईत होते. वर्षभर पाठ केलेलं सगळं एका वाक्यात आलं आणि फारच थोडं वाटलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी वरच्या ओळीवर गेले, तेवढीच काढली. बाकीच्या राहिल्या आणि प्रिंटर पुतणीचं पान ओढायला लागला. एवढंच करायचं होतं तर.

वयनींनी कोठीवरचा अडकित्ता उचलून बाजूला ठेवला, माझे कागद यायचे होते म्हणून. जाता जाता दारात वळल्या.

"खालच्या पाड्याची सेविका मे महिन्यात रिटायर होतेय," त्या म्हणाल्या. "त्या टायमाला माझा फॉर्म मीच काढीन. तू नको हात लावूस."

मी बरं म्हटलं.